तळाची नागमोडी रेघ

एक्सेलच्या तक्त्यात २० प्रगत देश एकाखाली एक मांडलेले, तळाशी सरासरीचं सूत्र. ते सूत्र ओळ ३० पासून ओळ ४९ पर्यंत जायला हवं होतं, पण ४४ वरच थांबलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीत आलेच नाहीत. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० सालच्या निबंधातलं हे प्रकरण आहे. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यांनी मांडलं. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या राजकारण्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा गृहपाठ म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करायला घेतली. उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ फाइल मागितली, त्यांनी ती दिली आणि घोळ उघड झाला. हर्न्डन आणि त्याच्या प्राध्यापकांनी काढलेली दुरुस्त सरासरी होती अधिक २.२ टक्के.

हा किस्सा 'एक्सेलची चूक' म्हणून सांगितला जातो आणि श्रोते हसले की संपतो. खरं तर त्या सूत्रामुळे उत्तर हललं ते जेमतेम ०.३ टक्क्याने. मोठी तफावत वेगळ्याच जागी होती. ब्रिटनची जास्त कर्जाची १९ वर्षं होती आणि त्यांतली सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचं फक्त एक वर्ष धरलं होतं, १९५१, आणि त्या वर्षीची वाढ उणे ७.६ टक्के. सरासरी देशवार काढल्यामुळे त्या एका वर्षाला या १९ वर्षांइतकंच वजन मिळालं. न्यूझीलंडची त्याआधीची, बऱ्यापैकी वाढीची काही वर्षं हिशेबात नव्हतीच. देशवार सरासरी काढणं ही लबाडी नव्हे. तिच्या बाजूने बोलता येतं, विरोधातही बोलता येतं. पण ती एक निवड होती आणि फाइल हाती येईपर्यंत तिचे परिणाम वाचकाला दिसत नव्हते.

माझं म्हणणं याच जागेवर उभं आहे. लोकांच्या पैशातून होणाऱ्या मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला निष्कर्षाबरोबर निष्कर्षापर्यंतची वाट दाखवणं सक्तीचं हवं. आणि ती वाट पुन्हा चालून पाहणाऱ्याला मूळ संशोधकाइतकाच मान, वेळ आणि बढती मिळायला हवी. यातली पहिली मागणी निम्मीअधिक मान्य झाली आहे. दुसरीला सगळे मान डोलावतात आणि कोणी काही करत नाही. दुसरी नसेल तर पहिली कागदावरच राहणार.

आधी दुखणं किती खोल आहे ते पाहू. २०१५ साली मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सांख्यिकीच्या भाषेत 'लक्षणीय' होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा दिसणार नाही असा. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच तसा आला आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर घसरला. २०१८ साली 'नेचर' आणि 'सायन्स' या अग्रगण्य पत्रिकांतले २१ सामाजिक प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्यांतले १३ टिकले. उरलेले सगळे खोटे होते असा याचा अर्थ नाही. नमुना वेगळा, काळ वेगळा, कधी पुनरावृत्तीच ढिसाळ. तरीही ९७ आणि ३६ यांमधली दरी निव्वळ योगायोगाने पडत नाही.

ती पडते कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, तीन गटांत २० - २० माणसं घेतली. फरक लक्षणीय आला नाही. आणखी १० - १० घेतली, पुन्हा तपासलं. तरी नाही. मग मोजमापं दोन घेतली होती, त्यांतलं दुसरं लावून पाहिलं. तीन गटांतला मधला 'गोंधळात टाकणारा' म्हणून सोडून दिला. शेवटी स्त्री-पुरुष असा भेद हिशेबात घेतला आणि पी मूल्य, म्हणजे मुळात परिणाम नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ या 'लक्षणीय'च्या रूढ हद्दीखाली उतरलं. यातली एकही पायरी चढताना माणसाला आपण फसवतोय असं वाटत नाही. प्रत्येक पायरीला समोर कारण तयार असतं. २०११ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या या चार सवलती एकत्र केल्या तर काय होतं ते मोजलं. मुळात काहीच परिणाम नसताना 'परिणाम सापडला' असं म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ६०.७ टक्क्यांवर गेली. नमुन्यादाखल त्यांनी याच युक्त्यांनी सिद्ध करून दाखवलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्यावर माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने कमी होतं. भावना नव्हे, जन्मतारखेनुसारचं वय!

बरं, कोणी मुद्दाम काही केलं नाही तरी प्रश्न सुटत नाही. फुटबॉलमध्ये पंच सावळ्या खेळाडूंना जास्त लाल कार्ड दाखवतात का, हा एकच प्रश्न आणि एकच डेटा २९ गटांना दिला गेला. २० गटांनी 'हो, लक्षणीय फरक आहे' असं सांगितलं, ९ गटांना तसं म्हणता आलं नाही. हे २०१८ मध्ये छापून आलं. २०२२ साली याहून मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला: स्थलांतरितांची संख्या वाढली की कल्याणकारी धोरणांना असलेला पाठिंबा घटतो का, या प्रश्नावर ७३ गटांनी एकच डेटा घेऊन काम केलं. उत्तरं दोन्ही दिशांना पांगली, आणि संशोधकांचं कौशल्य किंवा आधीची मतं पाहून हा पांगापांग उलगडेना. म्हणजे एकट्यादुकट्या निबंधात छापलेला आकडा हा अनेक शक्य आकड्यांपैकी एक असतो. बाकीचे कुठे आहेत, हे वाचकाने विचारलं पाहिजे.

बरेचसे लेखकाच्या खणात असतात. २०१४ साली राज्यशास्त्रज्ञांच्या एका गटाने एकाच योजनेतून निधी मिळालेल्या २२१ प्रयोगांचा माग काढला. निधी एकाच चाळणीतून मिळालेला असल्यामुळे ही तुलना मोलाची ठरते. ज्यांत काहीच परिणाम सापडला नाही, असे जवळपास दोन तृतीयांश प्रयोग कधी लिहूनच काढले गेले नव्हते. आपण संपादकांना दोष देतो, पण हे प्रयोग संपादकाच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत. 'कोण छापणार?' म्हणून संशोधक स्वतःच फाइल मिटतो.

यावरचा उपाय सापडलेला आहे आणि तो साधा आहे: निकाल येण्याआधीच छापायचं की नाही ते ठरवा. 'कॉर्टेक्स' या पत्रिकेने २०१३ मध्ये ही वाट पाडली. संशोधक आधी प्रश्न, गृहीतक, नमुना किती आणि तेवढाच का, कोणती चाचणी लावणार, कोणाला कोणत्या कारणाने वगळणार, हे सगळं लिहून पाठवतो. समीक्षक तेव्हाच दुरुस्त्या सुचवतात, म्हणजे दुरुस्ती शक्य असताना. आराखडा पटला की पत्रिका तत्त्वतः स्वीकृती देते आणि मग माहिती गोळा होते. निकाल 'हो' येवो की 'नाही', लेख छापला जातो. २०२१ साली केलेल्या तुलनेत मानसशास्त्रातल्या नेहमीच्या लेखांपैकी ९६ टक्क्यांत पहिलं गृहीतक खरं ठरलेलं दिसलं. अशा पूर्वस्वीकृत लेखांत ४४ टक्क्यांत. दोन्हीकडे शास्त्र तेच. ९६ हा आकडा कुठल्याही शास्त्राला शोभणारा नाही. जी माणसं शंभरात ९६ वेळा बरोबर ओळखतात, त्यांना प्रयोग करायची गरज काय?

मात्र नुसती पूर्वनोंदणी आणि ही पद्धत एक नव्हे, आणि गल्लत इथेच होते. पूर्वनोंदणीत आराखडा तारखेनिशी कुठेतरी जमा केला जातो, पण तो कोणी तपासत नाही. मग 'आवश्यक ते घटक हिशेबात घेतले जातील' अशी वाक्यं येतात. आवश्यक म्हणजे कोणते? ते निकाल पाहून ठरतं. माझ्या मते नोंदणीतल्या प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: हे वाक्य वाचून दोन अनोळखी माणसं एकच सूत्र लिहितील का? 'विसंगत उत्तरं वगळू' यातून दहा सूत्रं निघतात. 'ज्यांनी प्रश्नावली तीन मिनिटांच्या आत संपवली त्यांना वगळू' यातून एकच निघतं. आराखड्यापासून फारकत घ्यावी लागली तर घ्यावी, लोकांबरोबरचं काम कधी आखल्याप्रमाणे होत नाही. पण फारकत कुठे घेतली ते लेखातच लिहावं.

इथवर वाचून इतिहासाचे आणि साहित्याचे अभ्यासक म्हणतील की हे आकडेवाल्यांचं दुखणं आहे, आमचं नाही. हे मला मान्य नाही. २०१९ साली अमेरिकन लेखिका नेओमी वुल्फ यांच्या पुस्तकाचं काय झालं ते आठवावं. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये समलिंगी संबंधांसाठी कित्येकांना फाशी दिलं गेलं, असं त्यांनी लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या नोंदींवरून मांडलं होतं. नोंदींत शब्द होते 'मृत्यू नोंदवला'. बीबीसीवरच्या मुलाखतीत मॅथ्यू स्वीट यांनी त्यांना सांगितलं की या शब्दांचा अर्थ नेमका उलटा आहे. १८२३च्या कायद्याने न्यायाधीशाला अशी मुभा दिली होती की शिक्षा फक्त नोंदवायची, उच्चारायची नाही. म्हणजे माणूस फासावर जात नसे. ज्या चौदा वर्षांच्या मुलाला फाशी झाल्याचं पुस्तक सांगत होतं, तो सुटला होता. या पुस्तकाच्या मुळाशी ऑक्सफर्डचा डॉक्टरेटचा प्रबंध होता. परीक्षकांच्या हाताखालून तो गेला होता. दफ्तरातला पारिभाषिक शब्द आजच्या अर्थाने वाचणं ही आपल्या क्षेत्रातली 'ओळ ४४' आहे, आणि तिला पकडायला मूळ नोंद उघडून पाहणारा दुसरा माणूसच लागतो.

त्याआधी इतिहासकार मायकेल बेलिसाइल्स यांचं प्रकरण झालं होतं. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात घरोघरी बंदुका नव्हत्या, असं मांडणाऱ्या त्यांच्या पुस्तकाला प्रतिष्ठेचं बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालं आणि २००२ साली ते काढून घेतलं गेलं. मृतांच्या मालमत्तेच्या ज्या नोंदी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पाहिल्याचं लिहिलं होतं, त्या १९०६च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्या होत्या. मोजणीची टिपणं दाखवा म्हटल्यावर कळलं की ती पिवळ्या कागदांवर होती आणि खोलीत पाणी शिरून गेली. तेव्हा ठीक होतं. आज टिपणाचा फोटो काढायला दहा सेकंद लागतात.

खरं तर वाट दाखवण्याची शिस्त मानव्यविद्यांनीच आधी घालून दिली. रोमन सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचं सांगणारं 'कॉन्स्टंटाइनचं दानपत्र' १४४० साली इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्ला यांनी बनावट ठरवलं ते त्यातल्या शब्दांवरून: जे शब्द त्या काळी त्या अर्थाने वापरातच नव्हते, ते त्यात कसे? आणि मराठी वाचकाच्या हाताशी असलेलं उदाहरण म्हणजे भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. काम १९१९ मध्ये सुरू झालं, विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते, आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. या आवृत्तीचं कुठलंही पान उघडावं. वर स्वीकारलेला श्लोक, खाली बारीक अक्षरांत पाठभेद: कोणत्या पोथीत हा शब्द वेगळा आहे, कोणत्या पोथ्यांत दोन ओळी जास्त आहेत. गणपती महाभारत लिहून घेतो ही सर्वांना तोंडपाठ असलेली कथा संपादकांनी मूळ संहितेतून काढली, पण फेकून दिली नाही; परिशिष्टात ठेवली. ज्याला निवड पटणार नाही तो खालच्या ओळी घेऊन स्वतःची संहिता उभी करू शकतो.

आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे संहितेतल्या काही शब्दांखाली काढलेली नागमोडी रेघ. हा पाठ घेतला आहे, पण खात्री कमी आहे, एवढंच ती सांगते. जगभरच्या विद्वानांना दाखवायच्या कामात, ओळीच्या ऐन मधोमध, संपादक सांगतो की इथे माझा पाय डळमळतो आहे. सामाजिक शास्त्रांतले किती निबंध हे करतात? शेवटी 'मर्यादा' नावाचा एक परिच्छेद असतो. त्यात नमुना लहान होता, पुढे आणखी संशोधन व्हावं, असं ठरीव काहीतरी लिहिलेलं असतं. कोणता आकडा डळमळीत, हे त्यातून कळत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. सगळं उघडं करा म्हणणं सोपं आहे, पण ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं काय? बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र गटांच्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे बंद राहील, असा शब्द त्यांना दिला होता. २०११ मध्ये पोलिसांच्या मागणीवरून न्यायालयीन समन्स आलं आणि काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या. संशोधकाने दिलेला शब्द कायद्यापुढे टिकला नाही. त्यामुळे 'डेटा उघडा नाही तर निधी नाही' असा सरसकट नियम मी मागत नाही. तसा नियम आला तर दंगल, तुरुंग, घरगुती हिंसा, वेठबिगारी या विषयांवरचं काम आधी थांबेल.

पण गोपनीयतेच्या नावाखाली काहीच न दाखवणं हेही चालू नये. मुलाखत देता येत नसेल तर प्रश्नावली देता येते. माणसं कशी निवडली, कितींनी नकार दिला, विषयवार संकेत कसे दिले, हे देता येतं. एखादा निष्कर्ष ज्या उताऱ्यावर टेकला आहे तो उतारा आणि त्याच्या मागचा-पुढचा प्रश्न देता येतो. विरोधात जाणारी मुलाखत कोणती होती हेही सांगता येतं, आणि ते बहुतेक कोणी सांगत नाही. नाव बदललं की माणूस लपतो, ही मात्र भाबडी समजूत आहे. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की फक्त पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख यांवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. लहान गावात तर 'निवृत्त शिक्षिका, दोन मुली, एक परदेशात' एवढं पुरतं. म्हणून मुलाखतींवर काम करताना एकेका तपशिलाकडे नव्हे, तपशिलांच्या जोडगोळ्यांकडे पाहावं लागतं: वय दशकात सांगा, गावाऐवजी तालुक्याचा प्रकार सांगा, व्यवसाय एक पायरी वरचा सांगा. आणि हे संमतीपत्र लिहितानाच ठरवा. मुलाखती झाल्यावर लोकांकडे परत जाऊन 'आता हे जगाला दाखवू का?' विचारलं की निम्मे सापडत नाहीत.

आकडेवारीच्या बाजूला अडचण वेगळी आहे. तिथे फाइली दिल्या जातात, पण चालत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हार्वर्डच्या डेटा-संग्रहातल्या 'आर' या आकडेमोडीच्या संगणक-भाषेतल्या ९,०००हून अधिक फाइली जशाच्या तशा चालवून पाहिल्या. ७४ टक्के अडकल्या. कारणं फार थोर नसतात. कोडच्या पहिल्याच ओळीत लेखकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता असतो. वापरलेल्या पॅकेजची आवृत्ती लिहिलेली नसते. 'अंतिम', 'अंतिम२', 'खरंच अंतिम' अशा तीन फाइलींतली कोणती घ्यायची ते कळत नाही. कच्च्या डेटातून स्वच्छ डेटा कसा झाला ती पायरी हाताने केलेली असते, म्हणून तिचा मागमूसच नसतो. ही शेवटची त्रुटी घातक. फसवणूक असते तीही बहुधा याच टप्प्यावर. प्रामाणिकपणाची प्रतिज्ञा अर्जाच्या शेवटी न घेता सुरुवातीला घेतली तर लोक खरं सांगतात, असा २०१२ सालचा एक गाजलेला निबंध होता. त्यातली गाड्या किती मैल चालल्या याची नोंद आठएक वर्षं बाहेरच्या कोणी पाहिली नव्हती. २०२० मध्ये फाइल सार्वजनिक झाली आणि पुढच्याच वर्षी दोष दिसला: गाडी किती मैल चालली याचे आकडे शून्यापासून ५०,०००पर्यंत सारखे पसरलेले, आणि निम्म्या ओळी एका फॉन्टमध्ये तर निम्म्या दुसऱ्या. निबंध मागे घेतला गेला.

अर्थशास्त्रातल्या मोठ्या पत्रिकांनी यावर माणूस नेमला. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने स्वतंत्र डेटा-संपादक ठेवला आणि २०१९ पासून लेख छापण्याआधी त्याचा कोड चालवून पाहण्याची पद्धत लावली. ही पद्धत इतिहासाच्या पत्रिकांनाही लावता येईल. कोडऐवजी प्रत्येक लेखातल्या पाच तळटीपा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि मूळ पानाशी ताडून पाहाव्यात. अलीकडे संगणकाने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले संदर्भ प्रबंधांत शिरू लागले आहेत. पाच टीपांच्या तपासणीत ते लगेच उघडे पडतात.

हे करणार कोण, तर पुन्हा तोच प्रश्न. आज तपासणाऱ्याला काय मिळतं? ज्याचं चुकलं त्या ज्येष्ठाचा रोष, आणि बढतीच्या गुणपत्रिकेत शून्य. तरुण संशोधकाला शिफारसपत्र त्याच वर्तुळातून हवं असतं, त्यामुळे चूक दिसली तरी तो गप्प बसतो. त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून तपासणी व्यक्तीच्या शौर्यावर न सोडता अभ्यासक्रमात घालावी. पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाने आपल्या विषयातला एक प्रकाशित निष्कर्ष मूळ साधनांवरून पुन्हा उभा करावा: आकड्यांचा असेल तर आकडे, दफ्तराचा असेल तर नोंदी, संहितेचा असेल तर पाठ. अहवाल विभागाच्या संग्रहात तारखेनिशी जावा, जुळला तरी आणि न जुळला तरी. जुळलेला अहवाल हीसुद्धा बातमी असते. सगळेच हे करत असतील तर कोणा एकावर राग धरता येत नाही. मूळ लेखकाला उत्तरासाठी महिनाभर द्यावा आणि त्याचं उत्तर त्याच अहवालाला जोडावं. वेळ लागेल, हे खरं. एक सत्र जाईल. पण मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून चाळीस संदर्भ न वाचता सूचीत भरण्यात आजही एक सत्र जातंच.

निवड समित्यांनी उमेदवाराच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत. एक, त्याने दुसऱ्याचं कोणतं काम तपासलं. दोन, त्याच्या स्वतःच्या कामात कोणी कोणती चूक दाखवली आणि त्याने ती कुठे दुरुस्त केली. दुसरा रकाना कोरा असेल तर मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न विचारावा.